एका घरातले दोन धर्म : बेने इस्राएल, त्यांची प्रार्थनालये आणि मिश्र कुटुंबे

आमच्या मंडळाने वडोदऱ्यातल्या जुन्या मराठी घरांची नोंद करायचे ठरवले, तेव्हा फॉर्म तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. मी पेशाने विद्युत अभियंता. तीस वर्षे सबस्टेशनची आणि केबलची कागदपत्रे केल्यामुळे रकाने आखण्यात हात बसलेला. मूळ गाव, वडोदऱ्यात कधी आलात, कोणाच्या कारकिर्दीत, घरातली भाषा, कुलदैवत, धर्म. प्रत्येक घराला एक पान आणि प्रत्येक रकान्याला एक उत्तर. सयाजीराव महाराजांच्या काळात नोकरीसाठी आलेली घराणी या फॉर्मात अगदी व्यवस्थित बसली.

बसले नाही ते माझ्या सर्वांत जवळच्या मित्राचे घर.

हा मित्र बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारा यहुदी. वाढला अहमदाबादेत, घराणे मूळ कोकणातले, आडनावाच्या शेवटी ‘कर’. वहिनी इथल्याच, दांडिया बाजारातल्या देशस्थ घरातल्या. १९९२ साली दोघांनी रजिस्टर लग्न केले. मित्र चार वर्षांपूर्वी गेला. फॉर्म घेऊन मी वहिनींकडे गेलो, तर त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला आणि म्हणाल्या, “भावजी, तुमच्या फॉर्मात धर्म एकच आहे. त्यांचा लिहू की माझा? आणि मुलीचा कुठला लिहू? ती अजून विचारतेच आहे.”

मी म्हटले, “तुम्हाला योग्य वाटेल तो लिहा.” त्या हसल्या. “हेच सगळे म्हणतात. मला योग्य वाटून काय उपयोग? समोरच्याच्या वहीत बसायला हवं ना.”

फॉर्म तसाच घेऊन परत आलो आणि वाचायला बसलो. दोन धर्मांच्या कुटुंबाला यहुदी प्रार्थनालयाने कुठे बसवायचे, हा प्रश्न वहिनींचा एकटीचा नाही. तो या समाजात दोनशे वर्षे आहे आणि आज जगभरच्या यहुदी संस्थांपुढे आहे. त्यातले जे मला समजले, ते इथे मांडतो.

आधी थोडी ओळख

बेने इस्राएल म्हणजे ‘इस्राएलची लेकरे’. त्यांच्या परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. ते कोकणातल्या गावांत स्थिरावले, तेल गाळण्याचा धंदा करू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ झाले. गावांवरून आडनावे आली, भाषा मराठी झाली. सणांची नावेसुद्धा मराठीच : नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण.

मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनालय १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी बांधले. प्रार्थनालयाला हे लोक ‘मशीद’ म्हणत. तिथल्या पदांची नावे इतिहासाच्या अभ्यासकाने जरूर पाहावीत. हझान, गब्बाय, शम्माश ही हिब्रू नावे, पण शेजारी मुकादम, चौगुला आणि काजी. आपल्या गावगाड्यातली माणसे थेट प्रार्थनालयाच्या पंचात बसलेली दिसतात. वडोदऱ्याच्या वाचकांना जवळचे उदाहरण म्हणजे अहमदाबादचे मागेन अब्राहम प्रार्थनालय. ते १९३४ चे, खमासा भागात पारशी अग्यारीसमोर आहे. कांकरियाचे प्राणिसंग्रहालय उभारणारे रूबेन डेव्हिड याच समाजातले.

गावगाड्यातून पदे आली तशी आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे पंगतीचे नियम.

गोरे इस्राएल, काळे इस्राएल

बेने इस्राएल समाजात दोन गट होते. ज्यांचे आई-बाप दोघेही बेने इस्राएल ते गोरे इस्राएल. बेने इस्राएल पुरुष आणि दुसऱ्या धर्माची स्त्री यांची जी संतती, ते काळे इस्राएल. इथे रंगाचा संबंध नावापुरताच होता. गोऱ्या गटात सावळी माणसे होती आणि काळ्या गटात उजळ. नाव कातडीवरून नव्हे, आईवरून पडत असे.

काळे इस्राएल शनिवार पाळत, सुंता करत, सण करत आणि प्रार्थनालयात येत. त्यांना कोणी हाकलले नाही. पण त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार नसे, बसायची जागा वेगळी, मानपान मागून. ही वागणूक एका पिढीपुरती नव्हती. पणजी परधर्मातली होती म्हणून पणतूही मागेच बसायचा. विसाव्या शतकात हे हळूहळू सैल झाले.

या व्यवस्थेकडे मी अभियंत्याच्या नजरेने पाहिले तेव्हा एक गोष्ट खटकली. नियम कडक असणे वेगळे आणि नियम अर्धवट असणे वेगळे. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे ज्याची आई यहुदी तो यहुदी. आई परधर्माची असेल तर मुलाने विधिपूर्वक धर्म स्वीकारायचा, आणि एकदा स्वीकारला की तो पूर्ण यहुदी. त्याला पूर्वीच्या जन्माची आठवण करून देणेही शास्त्राला मान्य नाही. म्हणजे शास्त्रात दोन अवस्था आहेत, आत किंवा बाहेर, आणि बाहेरून आत यायला एक वाट आहे. काळ्या इस्राएलांना मात्र तिसऱ्याच अवस्थेत ठेवले गेले. दार उघडे, उंबऱ्यावर पाट, आणि तिथून पुढे जायची वाट नाही.

ती वाट का नव्हती, याला एक साधे कारणही होते. धर्मांतराचा विधी करायला तीन जाणकारांचे धर्मपीठ लागते. बेने इस्राएलांमध्ये हझान होते, विद्वान गृहस्थ होते, पण स्वतःचे दीक्षित रब्बी जवळजवळ नव्हतेच. ज्या गोष्टीचा निवाडा करणारे कोणी नसते, तिचा निवाडा रूढी करते. आणि रूढी आपल्या आजूबाजूला जे दिसते त्यावरूनच शिकते. कोकणातल्या गावात जे दिसत होते ती जातव्यवस्था होती.

पुरावा मागणारे आणि पुरावा देणारे

पुढचा भाग वाचताना मला काही दिवस वहिनींना फोन करायचा धीर झाला नाही. कारण जो प्रश्न बेने इस्राएलांनी आपल्यातल्या काहींना विचारला, तोच प्रश्न त्यांना स्वतःला तीनदा विचारला गेला.

पहिल्यांदा मुंबईत. एकोणिसाव्या शतकात बगदादकडून आलेले श्रीमंत यहुदी व्यापारी मुंबईत स्थिरावले. सुरुवातीला ते बेने इस्राएलांच्याच प्रार्थनालयात येत, त्यांच्याच कब्रस्तानात पुरत. मग अंतर पडत गेले. १८३६ मध्ये डेव्हिड ससून आणि इतर काही पुढाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला, की कब्रस्तानात आमच्या आणि त्यांच्या कबरींमध्ये भिंत घालावी. माणसे मेल्यावरही शेजारी नकोत, कारण यांच्या वंशात परके रक्त असेल.

दुसऱ्यांदा रंगूनमध्ये. १९३० च्या दशकात तिथल्या प्रार्थनालयाच्या कारभारात बेने इस्राएलांना मत द्यायचा आणि विश्वस्त व्हायचा हक्क आहे की नाही, यावर खटला झाला. न्यायालयाने बेने इस्राएलांच्या बाजूने निकाल दिला.

तिसरा प्रसंग सर्वांत मोठा. इस्राएल राष्ट्र झाल्यावर हजारो बेने इस्राएल तिकडे गेले. तिथे लग्ने लावण्याचा अधिकार धर्मपीठाकडे. १९६१ मध्ये मुख्य रब्बीपीठाने बेने इस्राएलांशी विवाह करायला हरकत नाही असे ठरवले. पण १९६२ च्या सुरुवातीला मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांचे निर्देश निघाले. बेने इस्राएल वधू किंवा वर आला, तर नोंदणी करणाऱ्या रब्बीने त्याची आई, आजी आणि शक्य तितके मागे जाऊन चौकशी करावी, असा त्यांचा आशय. शंका दोन होत्या. शतकानुशतके एकटे राहिल्यामुळे मिश्र विवाह झाले असतील, आणि रब्बी नसल्यामुळे घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले नसतील.

म्हणजे रेवदंड्याच्या एखाद्या आजीचा कागद मागायचा. तो आणायचा कुठून? बेने इस्राएलांनी निदर्शने केली, जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेची खास बैठक झाली आणि पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने स्पष्ट केले, की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत. त्यानंतर रब्बीपीठाने निर्देशांतून या समाजाचे नाव काढले. चौकशी राहिली, पण ती कोणाच्याही बाबतीत शंका असेल तर, अशी सर्वसाधारण झाली.

हा लढा बेने इस्राएलांच्या इतिहासातला अभिमानाचा भाग आहे आणि तो असायलाच हवा. पण त्याच्या शेजारी काळ्या इस्राएलांचे प्रकरण ठेवून वाचावे असे मला वाटते. ‘तुझी पणजी कोण होती’ हा प्रश्न ऐकणाऱ्याला कसा लागतो, हे या समाजाइतके क्वचितच कोणाला माहीत असेल.

लग्नाचा कायदा

एक बाजू कायद्याची आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. ब्रिटिशांच्या १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे, तर दोघांनाही जाहीर करावे लागे की आपण ख्रिस्ती, यहुदी, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन यांपैकी कोणताच धर्म पाळत नाही. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपापसांत ही अट सैल झाली, पण यहुद्यांना नाही. म्हणजे एखाद्या बेने इस्राएल तरुणाला हिंदू मुलीशी कायदेशीर लग्न करायचे, तर एकतर एकाने धर्म बदलायचा, नाहीतर दोघांनीही आपला धर्म कागदावर नाकारायचा.

हे बदलले १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने. एक महिन्याची नोटीस द्यायची, आणि दोघेही आपापल्या धर्मात राहून नवरा-बायको. त्यामुळे आजचा प्रश्न एका अर्थाने १९५४ नंतरचा आहे. त्याआधी कायदाच म्हणायचा, की आधी बाहेर पडा आणि मग लग्न करा. आता माणूस लग्न करून पुन्हा प्रार्थनालयाच्या दारात येऊ शकतो, आणि सोबत आपला जोडीदार घेऊन येतो.

अमेरिकेत काय झाले

हा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत आला. प्यू संस्थेच्या २०२० च्या पाहणीप्रमाणे तिथल्या यहुद्यांपैकी १९८० पूर्वी लग्न केलेल्यांमध्ये यहुदी नसलेला जोडीदार असणारे १८ टक्के होते. २०१० नंतर लग्न केलेल्यांमध्ये ते प्रमाण ६१ टक्क्यांवर गेले. एवढ्या मोठ्या संख्येकडे पाठ फिरवणे कोणत्याच संस्थेला परवडणारे नव्हते.

तिथे यहुदी धर्माचे अनेक प्रवाह आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे. सुधारक प्रवाहाच्या रब्बींनी १९७३ मध्ये मिश्र विवाह लावण्यास विरोध करणारा ठराव केला, पण शेवटचा निर्णय ज्याच्या त्याच्यावर सोडला. १९७८ मध्ये त्या प्रवाहाचे पुढारी अलेक्झांडर शिंडलर यांनी भूमिका मांडली, की लग्ने व्हायची ती होतच आहेत, तेव्हा त्या जोडप्यांसाठी शोक करत बसण्यापेक्षा आपण होऊन त्यांच्याकडे जावे. १९८३ मध्ये त्याच रब्बींनी ठरवले, की आई किंवा बाप यांपैकी एक जरी यहुदी असेल तरी मूल यहुदी मानावे. मात्र एका अटीवर : त्या मुलाने योग्य वेळी उघडपणे यहुदी जीवन स्वीकारलेले असावे. नाव ठेवणे, तोरा वाचणे, शिक्षण घेणे अशा कृतींतून ते दिसावे. ही अट आई यहुदी असलेल्या मिश्र घरातल्या मुलालाही लागू. म्हणजे वंशाच्या जोडीला आचरण मोजायला सुरुवात झाली.

मधल्या, कॉन्झर्व्हेटिव्ह प्रवाहाचे रब्बी मिश्र विवाह लावत नाहीत आणि आईचा नियमही सोडत नाहीत. पण २०१७ मध्ये त्यांच्या प्रार्थनालयांच्या महासंघाने परवानगी दिली, की यहुदी नसलेल्या जोडीदाराला सभासद करायचे का, हे प्रत्येक प्रार्थनालयाने स्वतः ठरवावे. सनातनी प्रवाह आपल्या जागी ठाम आहे. उलट बाजूला, २०१५ मध्ये एका उदारमतवादी रब्बी विद्यालयाने आणि २०२४ मध्ये सुधारकांच्या मुख्य विद्यालयाने, परधर्मीय जोडीदार असलेल्या विद्यार्थ्यांनाही दार उघडले.

कोण बरोबर हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. मी यहुदी नाही. मला या इतिहासात रस वाटतो तो वेगळ्याच कारणाने. नियम बदलणारे आणि नियम न बदलणारे, अशा दोन्ही प्रकारच्या प्रार्थनालयांना शेवटी त्याच चार-पाच व्यवहारी प्रश्नांची उत्तरे द्यावी लागली.

प्रार्थनालयातले व्यवहारी प्रश्न

पहिला प्रश्न वहीचा. सभासदत्व माणसाला द्यायचे की घराला? घराला दिले तर दुसऱ्या धर्माचा जोडीदार त्यात येतो. मग त्याला मत आहे का? समितीत बसता येते का? पुष्कळ प्रार्थनालयांनी हे वेगवेगळे करून लिहून ठेवले : शाळेच्या, स्वयंपाकाच्या, इमारतीच्या समितीत बसता येईल, उपासनेच्या निर्णयात नाही. यात ‘नाही’ आहे, पण त्याच्या आधी तीनदा ‘हो’ आहे.

दुसरा प्रश्न व्यासपीठाचा. मुलगा किंवा मुलगी तेरा वर्षांची झाली, की तोरा वाचण्याचा सोहळा होतो. त्या वेळी आई परधर्माची असेल तर ती कुठे उभी राहणार? तोरा वाचण्यापूर्वीच्या आशीर्वचनात आपल्या लोकांना देवाने निवडले असा अर्थ आहे, आणि इतर पुष्कळ आशीर्वचनांत आम्हांला आज्ञा दिली असा. ते शब्द तिने म्हणणे शास्त्रात बसत नाही, आणि खरे म्हणजे तिलाही ते स्वतःविषयी म्हणणे खोटे वाटेल. म्हणून काही प्रार्थनालयांनी आईसाठी वेगळी, तिच्या तोंडी शोभेल अशी प्रार्थना ठेवली. काहींनी ती मुलासोबत व्यासपीठावर उभी राहील, पण आशीर्वचन म्हणणार नाही असे ठरवले. महत्त्वाचे हे, की सोहळ्याच्या दिवशी माइकसमोर तिला थांबवायची वेळ येऊ नये. सहा महिने आधी बसून सांगावे.

तिसरा प्रश्न समजण्याचा. जो घरात लहानपणापासून हिब्रू ऐकत आला नाही, त्याला पान कितवे, उभे कधी राहायचे, हेही माहीत नसते. छापील पुस्तिकेत उच्चार आणि अर्थ दिले, शेजारी एखादी जाणती बाई बसवली, की अर्धा परकेपणा जातो. मुंबईत १९२५ साली डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने ‘ज्युइश रिलिजस युनियन’ निघाली. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेताना तिथल्या उदारमतवादी यहुद्यांचा प्रभाव त्यांच्यावर पडला होता. ही संस्था मिश्र विवाहांसाठी निघालेली नव्हती, पण प्रार्थना कळली पाहिजे आणि बायका-पुरुषांनी एकत्र बसावे हा तिचा आग्रह इथेही लागू पडतो.

चौथा प्रश्न घराचा. तो मला सर्वांत मोठा वाटतो. यहुदी धर्मातला निम्मा आचार प्रार्थनालयात नसून स्वयंपाकघरात आहे. वहिनींनीच मला दाखवले. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावायचे. काळ्या मनुका भिजवून त्यांचे सरबत करायचे, कारण पेल्यावर आशीर्वाद म्हणायचा तर द्राक्षाचेच काही हवे. मटणात दही-दूध चालत नाही म्हणून रस्सा नारळाच्या दुधात. मनातले काम झाले की मलिदा : भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, वरून फळे, आणि एलियाहू हनाबी म्हणजे प्रेषित एलिया यांचे स्मरण. मित्राची आई गेल्यानंतर हे सगळे वीस वर्षे वहिनींनी चालवले. मित्राला स्वतःला मलिद्यात गूळ किती घालायचा ते माहीत नव्हते. त्याच घरात भाद्रपदात गौरीही बसतात. त्या घरातला यहुदी आचार टिकला तो एका हिंदू बाईच्या हातून. प्रार्थनालयाच्या यादीत मात्र तिचे नाव नव्हते.

पाचवा प्रश्न कब्रस्तानाचा. तो सगळे शेवटी काढतात. खरे तर तो सर्वांत आधी काढायला हवा.

ते ‘बघू’

मित्राचे दफन त्याच्या इच्छेप्रमाणे कोकणात झाले. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष एका गावाचा किंवा एका माणसाचा नव्हता. मी सोबत होतो. सगळे आटोपल्यावर वहिनींनी तिथल्या व्यवस्था पाहणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांना विचारले, “माझी वेळ येईल तेव्हा यांच्या शेजारी जागा मिळेल का?”

ते गृहस्थ भले होते. दफनासाठी त्यांनी सकाळपासून पायपीट केली होती. ते खाली बघून म्हणाले, “बघू.”

परतीच्या प्रवासात वहिनी पनवेलपर्यंत बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. मी माझ्या माहेरच्यांसारखी गेले असते. पण ‘बघू’चं काय करू?”

याचे उत्तर मी नंतर पुस्तकांत शोधले. तालमूद या धर्मग्रंथात सांगितले आहे, की शांतता नांदावी म्हणून परधर्मीयांचे आजारी पाहावेत, गरिबांना पोसावे आणि त्यांच्या मृतांचेही दफन करावे. भाष्यकारांनी पुढे स्पष्ट केले, की याचा अर्थ त्याच जागेत शेजारी पुरावे असा नव्हे, तर त्यांची व्यवस्था करावी असा. अमेरिकेत सुधारकांच्या बहुतेक कब्रस्तानांत परधर्मीय जोडीदाराला शेजारी जागा मिळते. काही कॉन्झर्व्हेटिव्ह प्रार्थनालयांनी त्याच आवारात वेगळा भाग आखला, मध्ये पायवाट किंवा झुडपांची रांग, आणि तिथे मिश्र जोडपी शेजारी शेजारी. सनातनी ठिकाणी ‘नाही’ असे उत्तर आहे. ही तीन उत्तरे एकमेकांपासून कितीही दूर असोत, तिन्ही उत्तरे आहेत. माणूस त्यावरून आपले काही ठरवू शकतो.

आपल्याकडे अडचण अशी, की भारतात आता यहुदी उरले आहेत चार-पाच हजार, आणि अहमदाबादेत तर शंभर-सव्वाशेच्या आसपास. कोकणातल्या कित्येक प्रार्थनालयांत प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवणे कठीण. उरलेली वयस्कर माणसे इमारत, कबरी, हिशेब सगळे सांभाळतात. त्यांना नवे नियम करायचा अधिकार आपला वाटत नाही आणि जुने नियम तोंडावर सांगायला जीभ रेटत नाही. म्हणून ‘बघू’. हा निर्दयपणा नाही, दमलेपणा आहे. पण ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच ऐकू येतात.

दारफळणीचा सण

बेने इस्राएलांचा दारफळणीचा सण म्हणजे यहुद्यांचा योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. नावाचा अर्थच दार लावून घेण्याचा सण. पूर्वी कोकणात त्या दिवशी हे लोक उपास करून, पांढरे कपडे घालून घरात राहत आणि बाहेरच्या माणसाशी संपर्क टाळत. गावात याचे कोणाला वाईट वाटत नसे, कारण सर्वांना आधीपासून माहीत असे की आज शनवार तेल्यांची दारे बंद. आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दानधर्म, भेटीगाठी.

मला या दोन दिवसांची जोडी मोलाची वाटते. दार लावणे हा समाजाचा हक्क आहे. लहान समाजाला तर तो लागतोच, नाहीतर तो उरणारच नाही. पण दार लावायचे तर ते कोणते, केव्हा आणि कोणासाठी, हे सगळ्यांना ठाऊक हवे, आणि कोणती दारे उघडी आहेत तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. काळ्या इस्राएलांच्या बाबतीत दार ना लागले ना उघडले, आणि ते अर्धे दार कित्येक पिढ्या चालले. बायबलमधली रूथ मवाबी होती, परकी. सासूबरोबर आली, तिचा देव आपला मानला, आणि तिच्याच वंशात पुढे दावीद राजा झाला. तिची कथा प्रार्थनालयांत आजही शवुओतच्या सणाला वाचतात. म्हणजे परंपरेत दोन्ही आहे, उंबरा आणि त्यावरून आत यायची वाट. ती वाट कोणाला किती मोकळी करायची हे ज्याच्या त्याच्या प्रार्थनालयाने ठरवावे. मात्र ठरवावे, लिहावे आणि माणूस विचारायला येण्याआधी त्याला सांगावे.

फॉर्मचे काय झाले

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी फॉर्म बदलायचा प्रस्ताव ठेवला. घराला एक पान होते, तिथे आता माणसागणिक एक ओळ आहे. धर्माच्या रकान्याला जोडून आणखी दोन रकाने केले : ‘घरात कोणते आचार चालतात’ आणि ‘ते कोण चालवते’. एका सदस्यांनी विचारले की एवढा खटाटोप एका घरासाठी कशाला. पण नवा फॉर्म घेऊन जुन्या घरांत पुन्हा गेलो, तेव्हा आणखी चार घरांनी जे आधी सांगितले नव्हते ते सांगितले. एका घरात आजी ख्रिस्ती होती, दुसऱ्या घरात सून पारशी. पहिल्या फॉर्मात त्या कोणीच नव्हत्या, आणि ती चूक त्या घरांची नव्हती, माझी होती.

वहिनींच्या ओळीत आता त्यांच्याच शब्दांत लिहिले आहे : धर्म हिंदू, शुक्रवारचे दिवे आणि मलिदा त्या करतात, गौरी त्या बसवतात. मुलीच्या ओळीतला धर्माचा रकाना तिच्या सांगण्यावरून रिकामा ठेवला आहे. ती म्हणाली, “काका, रिकामा म्हणजे नाही असं नाही हं. पेन्सिलीने एक टिंब काढा, मी सांगेन तेव्हा भरा.” टिंब काढले आहे.

कोकणातल्या त्या गृहस्थांनाही मी पत्र लिहिले. तक्रार केली नाही. तुमच्या पंचांनी हा विषय एकदा बैठकीत घ्यावा आणि जो निर्णय होईल तो, हो किंवा नाही, वहिनींना कळवावा, एवढीच विनंती केली. त्यांचे उत्तर आले आहे. विषय पुढच्या बैठकीत घेतो, असे त्यांनी लिहिले आहे. या वेळी ‘बघू’ म्हटलेले नाही.

वाचकांपैकी कोणाच्या घरी बेने इस्राएल नातेसंबंधांतली जुनी लग्नपत्रिका, विवाहाचा करार किंवा मलिद्याची हाताने लिहिलेली कृती असेल, तर ती जपून ठेवा आणि तिच्या मागे लिहून ठेवा की ती कोणाच्या हातची आहे. पुढच्या माणसाला तेवढीच नोंद पुरते.